महामारी ओसरली, पण पासबुकातला दर पाच वर्षे तोच

संपादक महोदय,

२०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.५० टक्क्यांवरून ५.५० वर आणला. त्यानंतर बँकांनी ठेवींचे दर उतरवले. तेव्हापासून गोव्यातल्या आमच्या बोरी गावात चार निवृत्त माणसे एकत्र आली की दुसरा विषय नसतो. वर्तमानपत्रांत बातमी येते ती 'गृहकर्जदारांना दिलासा' अशी. ती खोटी नाही, माझ्या मुलालाही तो दिलासा मिळाला. पण जो कर्जाचा हप्ता भरत नाही, व्याजावर घर चालवतो, त्याचे काय झाले याच्या दोन ओळी त्या बातमीत कधी सापडत नाहीत. म्हणून २०२० सालचा माझा हिशेब आपल्यापुढे ठेवतो.

मी फोंडा तालुक्यातल्या एका कारखान्यात ३१ वर्षे स्टोअर्स सांभाळले. एप्रिल २०१५ मध्ये निवृत्त झालो. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून हातात आलेले १५ लाख रुपये मे महिन्यात पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. तेव्हा एका माणसाला तेवढीच मर्यादा होती. दर ९.३ टक्के. दर तिमाहीला ३४,८७५ रुपये यायचे. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी या चार महिन्यांच्या पहिल्या तारखांवर आमचे घर चालायचे. किराणा, वीजबिल, चतुर्थीला गणपतीवर बांधायची फळाफुलांची माटोळी, बायकोची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे, सगळे त्यातच.

खात्याची मुदत पाच वर्षे. ती भरली मे २०२० मध्ये. एप्रिलअखेर गोव्यात एकही रुग्ण नव्हता, आपण सगळे निर्धास्त झालो होतो. मेच्या मध्यावर पुन्हा रुग्ण सापडू लागले, त्याच आठवड्यात मी पोस्टात गेलो. दाराबाहेर चुन्याने गोल आखलेले, एका गोलात एक माणूस. माझी पाळी आली तेव्हा काउंटरवरची मुलगी मास्कच्या आडून काय सांगते ते मला दोनदा ऐकूनही कळेना. शेवटी तिने एका चिठोऱ्यावर पेन्सिलने ७.४ लिहिले आणि काचेखालून सरकवले. मी पासबुक उघडून दाखवले, "बाय, हे बघ, ९.३ आहे." ती म्हणाली, "काका, ते जुने खाते. एक एप्रिलपासून सगळ्यांचेच उतरले." तिचा काही दोष नव्हता. तिने मला खुर्ची दिली, फॉर्मही भरून दिला.

तिमाहीचे ३४,८७५ आता २७,७५० झाले. महिन्याला २,३७५ रुपये कमी. बायकोच्या औषधांचे बिल त्या वेळी जवळपास तेवढेच येत होते. मुदत तीन वर्षांनी वाढवून घ्यावी तरी दर हाच. बँकेत वर्षभराच्या ठेवीला पाच टक्क्यांच्या आसपास मिळत होते आणि त्याच ऑक्टोबरात देशातली किरकोळ महागाई ७.६ टक्क्यांवर गेली होती. म्हणजे बँकेत ठेवलेले पैसे ठेवल्या जागी झिजत होते. मी ७.४ वर सही केली.

आता माझ्या मित्राचे सांगतो. एकाच कारखान्यात आम्ही जवळजवळ बरोबर लागलो, तो माझ्याआधी दोन महिने निवृत्त झाला. त्याचे खाते मार्च २०२० च्या मध्यावर भरले, लॉकडाऊनच्या आठवडाभर आधी. तेव्हाचा दर होता ८.६. त्याने तेवढेच १५ लाख पुन्हा ठेवले आणि त्याला वर्षाला १,२९,००० रुपये बांधले गेले. मला १,११,०००. ही योजना खाते उघडतानाचा दर पाच वर्षांसाठी बांधून टाकते. फरक वर्षाला १८,०००, पाच वर्षांत ९० हजार. दोघांची नोकरी तीच, पगार जवळपास तेवढाच, फंडाचे पैसे तेवढेच. मध्ये फक्त दोन महिने.

हे असे का झाले ते समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली. त्यानंतर जगभर ज्याला त्याला रोकड हवी झाली. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी पडला. त्या एका महिन्यात विदेशी गुंतवणूकदारांनी आपल्या शेअर बाजारातून साठ हजार कोटींहून अधिक रुपये काढून नेले. एवढेच नव्हे, जगात सर्वांत सुरक्षित मानले जाणारे अमेरिकेचे सरकारी रोखे, म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जाचे कागद, तेसुद्धा लोक विकू लागले. मला हे चित्र ओळखीचे वाटले. स्टोअर्समध्ये एखादा माल येणार नाही अशी नुसती कुणकुण लागली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या खात्यांचे इंडेंट, म्हणजे मागणीचे कागद, एकदम टेबलावर यायचे. ज्याला दोन बेअरिंगे लागत तो वीस मागे. माल असतो, पण सगळ्यांना एकाच सकाळी द्यायला पुरत नाही.

अशा वेळी मध्यवर्ती बँकांनी गोदाम उघडले. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने १५ मार्चला व्याजदर शून्य ते पाव टक्क्यावर आणला. आपल्या रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला रेपो दर ४.४० आणि २२ मेला ४ टक्के केला. तो तिथेच राहिला, मे २०२२ पर्यंत. सरकारला स्वस्तात कर्ज मिळावे, उद्योग बुडू नयेत, बँका बंद पडू नयेत म्हणून हे करावे लागले. ते केले नसते तर माझ्या मुद्दलालाच धोका होता, हे मी मान्य करतो. पण पोस्टाच्या योजनांचे दर सरकारी रोख्यांच्या परताव्याला जोडलेले आहेत आणि २०१६ पासून दर तिमाहीला त्यांचा आढावा होतो. रोख्यांचा परतावा उतरला की पोस्टातला आकडा त्यामागोमाग येतो. कर्ज स्वस्त होते ते कोणाच्या तरी ठेवीवर. त्या खेपेला तो कोणीतरी म्हणजे पासष्टीचा निवृत्त माणूस होता, ज्याला पुन्हा नोकरी मिळणार नव्हती.

कर्जदारांना सहा महिने हप्ते न भरण्याची सवलत मिळाली. पुढे त्या सहा महिन्यांतले व्याजावरचे व्याजही २ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी सरकारने आपल्या तिजोरीतून परत केले. चांगले केले. तशाच एखाद्या तिजोरीतून, ज्यांची ठेव नेमकी त्या महिन्यांत भरली त्यांच्यासाठी काही का करता आले नाही, हा माझा प्रश्न आहे.

माझा मुलगा तेव्हा कळंगुट पट्ट्यातल्या एका हॉटेलात होता. मार्चमध्ये हॉटेल बंद झाले. जुलैत पुन्हा परवानगी मिळाली तरी खोल्या रिकाम्याच होत्या आणि पगार अर्ध्यावर आला. सरकारने भविष्य निधीतून उचल घ्यायला परवानगी दिली, तीन महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांतले जे कमी असेल ते. त्याने ३७,५०० रुपये काढले. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा परवानगी आली, तेव्हा पुन्हा काढले. मी त्याला अडवले नाही, कारण माझ्याच घरात २,३७५ रुपयांचे भोक पडले होते. आमच्या खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीतले, जुने लोक बियाण्याचे भात कांडायची वेळ आली की चुलीकडे पाहत बसत, तशी त्या दिवशी आमच्या घरात सगळी गप्प होती. आठ टक्क्यांनी धरले तरी ते पहिले ३७,५०० त्याच्या निवृत्तीपर्यंतच्या २५ वर्षांत अडीच लाखांवर गेले असते.

हे आपल्याकडेच झाले असेही नाही. चिलीमध्ये लोकांना पेन्शन फंडातून १० टक्के काढायची मुभा एका वर्षाच्या आत तीनदा दिली. ऑस्ट्रेलियाने दहा-दहा हजार डॉलर दोनदा काढू दिले. बिले भागली, पण म्हातारपणाची पुंजी तेवढी कमी झाली. हे लोक साठीला पोचतील तेव्हा कोणालाही महामारीची आठवण राहिलेली नसेल, खात्यात मात्र ती दिसेल.

मला कर्मचारी पेन्शन योजनेतून महिन्याला १,९८२ रुपये मिळतात. २०१३ मध्ये, मला ५८ वर्षे पूर्ण होऊन नोकरीत असतानाच ती सुरू झाली तेव्हा, हाच आकडा होता. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन १,००० रुपये ठरली ती सप्टेंबर २०१४ मध्ये. केंद्राच्या निवृत्तांचाही महागाई भत्ता जानेवारी २०२० पासून दीड वर्ष १७ टक्क्यांवर गोठवला होता आणि त्या तीन हप्त्यांची थकबाकी त्यांना मिळाली नाही, त्यांचे दुःख मला समजते. निदान जुलै २०२१ पासून त्यांचा भत्ता २८ टक्क्यांवर गेला. खाजगी कारखान्यातल्या आम्हां लोकांकडे गोठवायलाही काही नव्हते.

'व्याजदर बाजार ठरवतो' असे मला कोणी सांगितले की मी त्यांना ३१ मार्च २०२१ ची रात्र आठवायला सांगतो. त्या संध्याकाळी अल्पबचतीचे दर पुन्हा उतरवल्याचे जाहीर झाले, आमच्या योजनेचा दर ७.४ वरून ६.५. माझे खाते बांधलेले असल्याने मला धक्का नव्हता. पण माझा मेहुणा त्याच महिन्यात पैसे ठेवणार होता, त्याचा रात्री साडेदहाला फोन आला. सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तो आदेश नजरचुकीने निघाल्याचे सांगून मागे घेतला. त्यानंतर २०२२ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत ७.४ टिकला. सरकारने ठरवले तर दर धरून ठेवता येतो, हे तेव्हाच सिद्ध झाले.

पुढे १ एप्रिल २०२३ पासून नवीन खात्यांना ८.२ मिळू लागला. मला मात्र मे २०२५ पर्यंत ७.४ च. खाते मोडून नव्याने उघडावे तर मुद्दलातून एक टक्का, म्हणजे १५,००० रुपये कापले जाणार. महामारीचा कहर दोन वर्षांत ओसरला, माझ्या पासबुकात तिचा दर पूर्ण पाच वर्षे राहिला.

आता माझे खाते ८.२ वर नव्याने सुरू झाले आहे, त्यामुळे हे मी स्वतःसाठी मागत नाही. माझी मागणी लहान आहे. देशात आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली टाळेबंदी लागू असेल त्या काळात ज्या ज्येष्ठांच्या खात्याची मुदत भरेल, त्यांना निदान एक वर्ष जुन्याच दराने मुदत वाढवून द्यावी. आणि संकटातल्या खालच्या दरात ज्यांनी खाते उघडले, त्यांना दर वर गेल्यावर एक टक्का न कापता नव्या दरात येऊ द्यावे. याचा खर्च अर्थसंकल्पातून व्हावा, व्याजावरच्या व्याजाचा झाला तसा. कर्मचारी पेन्शनला महागाईशी जोडण्याची मागणी जुनी आहे, ती मी पुन्हा एकदा करतो. गोव्याच्या दोन्ही खासदारांनी हे प्रश्न लोकसभेत मांडावेत अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

ज्या मित्राचे वर सांगितले तो मे २०२१ च्या लाटेत गेला. खाते दोघांच्या नावावर होते म्हणून वहिनींना ते पुढे चालवता आले. त्या खात्यात भागीदार किंवा एकट्या नॉमिनी नसत्या, तर ते बंद करावे लागले असते आणि ८.६ चा दरही तिथेच संपला असता. हे आम्हांला त्याच्या बाराव्यानंतर कळले. त्याची पेन्शन निम्मी झाली, ती हजाराच्या खाली जाते म्हणून वहिनींना किमान १,००० मिळतात. दर वर्षी एप्रिलमध्ये त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन्ही पासबुके घेऊन येतात आणि व्याजातून कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म मी त्यांना भरून देतो. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या खात्याची मुदत भरली तेव्हाही आल्या होत्या. तिमाहीचे ३२,२५० जाऊन आता ३०,७५० येणार हे मी त्यांना सांगितले. त्यांनी आकडा पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतला आणि विचारले, "भाऊजी, परत तसली साथ आली तर हे आणखी उतरणार?" २०३० पर्यंत उतरणार नाही, एवढे मी सांगू शकलो. त्यापुढचे सांगण्यासारखे नियमात आज काही नाही, ते यावे म्हणून हे पत्र लिहिले आहे.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर
बोरी, फोंडा, गोवा