आपल्या पावसाळ्यातच जावा बेट गाठावे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आणि नाताळच्या परदेशी सहलींचे फलक आता देवगड-कणकवलीतही नाक्यानाक्यावर दिसतात. त्यात बाली हमखास असते, तीही डिसेंबरातली. समुद्र, ज्वालामुखी आणि डचांच्या काळातली शहरे एकाच प्रवासात पाहायची असतील तर इंडोनेशियाची निवड उत्तमच. पण डिसेंबर-जानेवारी हा तिथला भर पावसाळा. एवढा पैसा खर्चून आपली माणसे तिथे जातात आणि ढगात बुडालेले डोंगर पाहून परत येतात, म्हणून हे पत्र.

जावा आणि बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण 6 ते 9 अंशांवर आहेत. आपल्याकडे मिरगाचा पाऊस धरतो तेव्हा तिथे ऑस्ट्रेलियाच्या बाजूने कोरडे आग्नेय वारे सुरू झालेले असतात. मे ते सप्टेंबर आभाळ बहुतेक मोकळे असते. कोकणातल्या माणसाचा मोकळा वेळही नेमका तेव्हाच. जूनच्या मध्यापर्यंत हापूस आटोपतो, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा बंद, घरगुती निवासाच्या खोल्या रिकाम्या. लावणी उरकल्यापासून गणपतीच्या साफसफाईला हात घालीपर्यंत जे दोन-तीन आठवडे मिळतात, ते या प्रवासासाठी सर्वांत चांगले. गणपती ऑगस्टअखेर आहेत की सप्टेंबरच्या मध्याला, एवढे पंचांगात आधी पाहावे. शाळकरी मुले असतील तर मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचे पहिले दहा दिवस धरावेत. बागायतदारांना ते जमणार नाही, नोकरदारांना जमेल.

आता वाट. विमानाचे तिकीट जाताना मुंबई-जकार्ता आणि येताना बाली-मुंबई असे काढावे. जाऊन-येऊन बालीचेच काढले तर जावा राहून जाते, किंवा हजारावर किलोमीटर उलटे यावे लागते. मधला क्रम पश्चिमेकडून पूर्वेकडे: जकार्ता 2 रात्री, सेमारांग 1, योग्याकार्ता 4, सुराबाया 1, ब्रोमो ज्वालामुखी 2, बान्युवांगी (इजेन ज्वालामुखीसाठी) 2 आणि बाली 4. एकूण 16 रात्री. यात काटछाट करायचीच झाली तर बालीतून करावी, डोंगरातून करू नये. घरून निघताना मात्र एक दिवस हाती ठेवावा. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यापासून लागू असते, आणि मुसळधार पावसात गाडी ताशी 40 किलोमीटरवर आणतात. रात्रीचे विमान धरायला त्याच सकाळची गाडी पकडणे म्हणजे तिकीट पाण्यात घालणे.

व्हिसा भारतीयांना तिथे उतरल्यावर मिळतो. 5 लाख रुपिया फी, 30 दिवसांची मुदत, ती एकदा आणखी 30 दिवसांनी वाढवता येते. उतरलेला दिवस पहिला दिवस म्हणून मोजतात, आणि मुदतीपलीकडे राहिल्यास दिवसाला 10 लाख रुपिया दंड पडतो. पासपोर्टची निदान 6 महिने मुदत उरलेली हवी, परतीचे तिकीट दाखवता आले पाहिजे. ऑनलाइन अर्ज करणार असाल तर संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट गो डॉट आयडी’ने संपतो की नाही ते पाहा. सरकारी वाटणारी खोटी स्थळे बरीच आहेत, ती दुप्पट पैसे घेतात. बालीचा प्रवेशकर वेगळा, 1 लाख 50 हजार रुपिया, फेब्रुवारी 2024 पासून. एका भारतीय रुपयाला पावणेदोनशे ते दोनशेच्या दरम्यान रुपिया मिळतात, त्यामुळे हे आकडे दिसतात तेवढे मोठे नाहीत. तिथली बरीच एटीएम यंत्रे आधी नोटा देतात आणि कार्ड मागाहून. आपल्या सवयीने नोटा घेऊन वळले की कार्ड आतच राहते.

जावातला प्रवास आगगाडीने करावा. आरक्षण 45 दिवस आधी खुले होते आणि तिकिटावर पासपोर्ट क्रमांक लागतो. मोठी चूक होते ती स्टेशनांच्या नावांत. जकार्तात गांबिर वेगळे आणि पासार सेनेन वेगळे. योग्याकार्तात तुगू आणि लेंपुयांगान, सुराबायात गुबेंग आणि पासार तुरी. बालीच्या फेरीबोटीसाठी उतरायचे स्टेशन केतापांग. त्याचे जुने नाव बान्युवांगी बारू होते. आज ‘बान्युवांगी कोता’ नावाचे जे स्टेशन आहे ते दुसरेच, धक्क्यापासून दूर. सेमारांग ते योग्याकार्ता हा टप्पा मात्र रस्त्याने करावा. तिथे वाटणीच्या लहान गाडीला ‘ट्रॅव्हल’ म्हणतात, ती तीन-साडेतीन तासांत पोहोचवते.

जकार्ताच्या जुन्या भागाबद्दल एक गोष्ट आपल्या वाचकांना जवळची वाटेल. वेंगुर्ल्यात पडझड झालेली डच वखार आहे ना, ती ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची, त्याच कंपनीचे आशियातले मुख्य ठाणे बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता. 1619 मध्ये वसवलेल्या त्या शहराचा 1710 चा नगरवाडा फाताहिल्ला चौकात उभा आहे, आत इतिहासाचे संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असते, म्हणून सोमवार तिथे येऊ देऊ नये. सेमारांगला लोक टाळतात, ते चूक आहे. 1753 चे घुमटाचे चर्च, आणि ‘लावांग सेवू’, म्हणजे हजार दारे, हे डच रेल्वे कंपनीचे 1907 मध्ये पुरे झालेले कार्यालय तिथे आहे. त्याचा उंच व्हरांडा, समोरासमोर दारे आणि आरपार वारा पाहिला की दमट हवेत घर कसे बांधावे हे कळते. जावातली पहिली आगगाडी 1867 मध्ये सेमारांगहूनच निघाली, आपल्या बोरीबंदर-ठाण्यानंतर चौदा वर्षांनी. सुराबायात मुक्काम एका रात्रीचा. तिथल्या 1910 च्या जुन्या हॉटेलावर सप्टेंबर 1945 मध्ये तरुणांनी डच झेंड्याचा निळा पट्टा फाडून टाकला आणि उरलेला लाल-पांढरा, म्हणजे इंडोनेशियाचा, फडकवला. ती जागा रस्त्यावरूनही पाहता येते.

योग्याकार्ताला चार रात्री का, तर बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप आणि प्रंबाननची हिंदू मंदिरे एका दिवसात उरकू नयेत. बोरोबुदुरच्या वरच्या पायऱ्यांवर दिवसाला ठरावीक माणसांनाच सोडतात, वेळ ठरवून, विणलेल्या खास चपला घालून. सोमवारी वर जाता येत नाही. साधे प्रवेशाचे तिकीट काढले तर वर चढता येत नाही, हे पुष्कळांना दारात कळते. प्रंबाननच्या कठड्यांवर रामायण कोरले आहे, आणि कोरड्या महिन्यांत उघड्यावर रामायणाचे नृत्यनाट्य होते. डिसेंबरात जाणाऱ्यांना ते उघड्यावर पाहायला मिळत नाही.

ब्रोमोला आगगाडीने प्रोबोलिंगो गाठून जायचे. प्रोबोलिंगोच्या बसस्थानकाचे नाव ‘बायुआंगा’: बायू म्हणजे वारा, आंगुर म्हणजे द्राक्ष आणि मांगा म्हणजे आंबा. आंब्याचे गाव आहे, पण त्यांचा हंगाम सप्टेंबरनंतरचा. इथून ब्रोमोजवळच्या चेमोरो लावांग गावाला वर जाणाऱ्या लहान गाड्या माणसे भरली की सुटतात, उशिरा पोहोचलात तर ताटकळावे लागते. सुराबायाहून बसने आलात तर स्थानकाच्या अलीकडे एखाद्या एजन्सीच्या दारात उतरवून ‘हेच स्थानक’ म्हणतात. फलकावरचे नाव वाचल्याशिवाय बॅग खाली घेऊ नये.

चेमोरो लावांग सुमारे 2,200 मीटरवर आहे आणि पेनांजाकानचा सूर्योदयाचा कडा 2,770 मीटरवर. जुलै-ऑगस्टात पहाटे तिथे पारा शून्याजवळ जातो. कोकणातल्या कपाटात स्वेटर सहसा नसतो, आणि लोक दमट हवेचा देश म्हणून सुती कपड्यांवर जातात. कानटोपी, मोजे, आत लोकरी आणि वरून आपला नेहमीचा रेनकोट घालावा. रेनकोट वारा अडवतो. जीप पहाटे तीनला निघते. गर्दी नको असेल तर चेमोरो लावांगहून सेरुनीच्या कड्यापर्यंत चालत जाता येते, आणि नंतर वाळूचे पठार ओलांडून अडीचशेएक पायऱ्या चढून विवराच्या काठावर. पठारावरची बारीक राख डोळ्यांत आणि कॅमेऱ्यात जाते, तोंडाला फडके बांधावे. ब्रोमो हे ब्रह्माचे जावानी रूप. भोवतीची तेंगेर माणसे हिंदू आहेत, आणि कासादा सणाला विवरात धान्य, भाजी, कोंबड्या अर्पण करतात. हा सण साधारण जूनच्या आगेमागे येतो, त्या दिवसांत पर्यटकांना बंदी असते. तारीख आधी विचारून घ्यावी.

इजेनचे नियोजन सर्वांत जास्त चुकते. ‘ब्रोमो-इजेन दोन रात्री’ अशी सहल सर्रास विकली जाते: पहाटे तीनला ब्रोमो, दिवसभर घाटात गाडी, मध्यरात्री उठून इजेन. प्रवासी तर झोपेला आलेला असतोच, चालकही दोन रात्री जागलेला असतो. हे घेऊ नये. मध्ये एक पूर्ण रात्र बान्युवांगीत झोपावे. इजेनची चढण पायथ्याच्या पाल्तुदिंगहून सुमारे 3 किलोमीटर, उंची साधारण पाचशे मीटर वाढते. निळ्या ज्वाळा दिसतात त्या लाव्हाच्या नसतात. भेगांतून 600 अंशांपर्यंत तापलेला गंधकवायू बाहेर पडतो आणि हवा लागताच पेटतो, उजेड झाला की ज्वाळा दिसत नाहीत. वारा फिरला की हाच वायू वाटेवर येतो. वायू गाळणारा मुखवटा भाड्याने मिळतो, कापडी मास्क इथे कुचकामी. दमा असेल त्याने जाऊ नये. आरोग्याचा दाखला मागतात, तो बान्युवांगीतच मिळतो. खाणकामगार सत्तर किलोच्या वर पिवळा गंधक वेताच्या दोन टोपल्यांत खांद्यावर घेऊन येतात. कावडीची काठी करकरताना ऐकू आली की डोंगराच्या बाजूला सरून त्यांना वाट द्यावी. विवरात उतरायला मनाई असेल तर उतरू नये.

हे ज्वालामुखी जिवंत आहेत. सरकारी खाते प्रत्येकाला चारपैकी एक पातळी देते: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. ती ‘माग्मा इंडोनेशिया’ या ॲपवर दिसते. पातळीच्या नावापेक्षा त्याखालचे अंतर वाचावे, विवरापासून किती किलोमीटर लांब राहायचे ते. डिसेंबर 2023 मध्ये सुमात्रातला मारापी फुटून 24 गिर्यारोहक गेले. तो दुसऱ्याच पातळीवर होता, आणि 3 किलोमीटरची मनाई मोडून लोक वर गेले होते. योग्याकार्ताजवळचा मेरापी वेगळा, 2010 मध्ये त्याने तीनशेवर बळी घेतले. राखेचा फटका विमानांनाही बसतो. तिच्यातले काचेसारखे कण इंजिनात वितळून पात्यांवर थिजतात, म्हणून उड्डाणे थांबवतात. नोव्हेंबर 2024 मध्ये फ्लोरेस बेटावरच्या लेवोटोबीमुळे बालीची विमाने रद्द झाली होती. म्हणून परतल्यावर लगेच लग्न, परीक्षा, कोर्टाची तारीख ठेवू नये. बालीचा विमानतळ बंद पडला तर फेरीने जावात येऊन सुराबायाहून निघता येते, रस्त्याने दहा-बारा तास धरावेत.

केतापांगहून बालीतल्या गिलीमानुकची फेरीबोट दिवसरात्र चालते, तासाभराचे अंतर. बालीचे घड्याळ जावाच्या एक तास पुढे आहे. 2 जुलै 2025 च्या रात्री याच सामुद्रधुनीत एक फेरी बुडाली. दिवसा पार व्हावे, गाडीत बसून न राहता वरच्या मजल्यावर यावे आणि लाइफ जॅकेट कुठे आहेत ते आधी पाहून ठेवावे.

समुद्राचे आपल्याला काय सांगायचे, असे वाटेल. पण जावाचा दक्षिण किनारा आपल्या पावसाळी समुद्रासारखाच आहे, फक्त वर ऊन असते, आणि म्हणून फसायला होते. परांगत्रितिसला पोहायला मनाई आहे. लाटा फुटतात त्यांच्या मध्ये पाणी शांत, गढूळ दिसते तीच ओढीची जागा. आपल्याकडे मुंबई-पुण्याहून येणारे पर्यटक बुडतात ते अशाच शांत पट्ट्यात. मुलांना घेऊन पोहायचे तर बालीच्या सानूरला, तिथे प्रवाळाची रांग लाटा अडवते. गिली बेटांची वेगवान बोट सकाळचीच घ्यावी, जुलै-ऑगस्टात दुपारनंतर वारा चढतो.

मासे खाणाऱ्याची तिथे चंगळ आहे, निखाऱ्यावरचा ‘इकान बाकार’ आपल्याला लगेच आवडेल. शाकाहाऱ्यांनी तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), ताहू (सोयाबीनचे पनीर) आणि शेंगदाण्याच्या रश्शातली भाजी, म्हणजे पेचेल, मागावी. सांबल चटणीत बहुधा तेरासी म्हणजे कोळंबीची आंबवलेली लादी असते. ‘तान्पा तेरासी’ म्हणावे. ‘सापी’ म्हणजे गोमांस, ‘बाबी’ म्हणजे डुकराचे मांस, एवढे शब्द पाठ हवेत.

बालीत स्कूटर चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच न्यावा. त्यावर दुचाकीची नोंद नसेल तर अपघातात विमा हात वर करतो.

शेवटी बागायतदार मित्रांसाठी. प्रोबोलिंगोचा ‘आरुमानिस’ आंबा पाहिला की कलमाच्या चार काड्या पिशवीत घालून आणाव्यात असे वाटणारच. आणू नका. परवान्याशिवाय काडी, रोप, बी आणणे हा गुन्हा आहे, आणि त्या काडीबरोबर एखादी कीड देवगडच्या बागेत उतरली तर ती परत जात नाही.

आपला,
एक वाचक
देवगड, जि. सिंधुदुर्ग