निविदा आधी, नकाशे नंतर

मा. संपादक,

सार्वजनिक विद्यापीठांच्या नव्या इमारतींच्या बातम्या बहुधा दोन वेळा छापून येतात: भूमिपूजनाला आणि चौकशी समिती नेमल्यावर. चौकशीत बोट कंत्राटदाराकडे जाते, फार तर विद्यापीठ अभियंत्याकडे. खर्च वाढण्याची सोय मात्र त्याच्या कितीतरी आधी, अंदाजपत्रक बनवतानाच झालेली असते.

कागदावर क्रम व्यवस्थित आहे. विभागाची मागणी, वास्तुविशारदाचे संकल्पचित्र, ढोबळ अंदाजपत्रक, इमारत समिती, वित्त व लेखा समिती, व्यवस्थापन परिषद, अधिसभेपुढे अर्थसंकल्पात तरतूद, प्रशासकीय मान्यता. मग सविस्तर नकाशे, सविस्तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि निविदा. ढोबळ अंदाजपत्रकात क्षेत्रफळाला चौरस मीटरचा दर लावतात, वर विद्युतीकरणाला अमुक टक्के, पाणी-मलनिःसारणाला अमुक टक्के. मान्यता घेण्यापुरते ते चालते. पण मार्च तोंडावर येतो, अनुदान खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचे असते, आणि आरसीसीचे नकाशे हातात नसताना त्याच टक्केवारीवर निविदा निघते. ‘नकाशे कामाबरोबर देऊ’ असे तोंडी ठरते.

पहिला फटका पायाला बसतो. माती तपासण्यासाठी साधारण 0.4 हेक्टरच्या सलग जागेवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, असे पाच बोअर किंवा चाचणी खड्डे घ्यावेत, असे भारतीय मानक 1892 सांगते. आपल्याकडे अनेकदा एकच बोअर घेतात, नाहीतर शेजारच्या इमारतीचा जुना अहवाल जोडून देतात. दख्खनच्या जमिनीत हे अंगाशी येते. एका टोकाला दीड मीटरवर कठीण मुरूम लागतो, तर दुसऱ्या टोकाला काळी माती तीन मीटर खाली जाते; कुठे मधेच पक्का खडक वर आलेला असतो. खोदकामाचे दर थरानुसार वेगळे, आणि जवळच्या इमारतींमुळे सुरुंग लावता येत नसेल तर खडक फोडण्याचा दर मुरुमाच्या कितीतरी पट.

समजा, शेड्यूल ‘बी’त, म्हणजे निविदेतल्या बाबींच्या व परिमाणांच्या यादीत, कठीण खडकातले खोदकाम 400 घनमीटर धरले आणि निघाले 900. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-1 या निविदा-कराराच्या नमुन्यातील कलम 38 नुसार 25 टक्के वाढीपर्यंत, म्हणजे 500 घनमीटरपर्यंत, निविदेचाच दर मिळतो. उरलेल्या 400 घनमीटरला तेव्हाच्या चालू सरकारी दरसूचीचा दर, निविदेची टक्केवारी लावून. अशा आठ-दहा बाबी वाढल्या की मंजूर रक्कम ओलांडते आणि सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, लागते. प्रस्ताव पुन्हा सगळ्या समित्यांतून फिरतो. तोवर रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामापुरते मधले बिल, अडकते, कंत्राटदार माणसे दुसऱ्या साइटवर हलवतो आणि गंजलेल्या सळ्या घेऊन कॉलम उभे राहतात. विलंबाचा दंड लावायचा तर नकाशेच उशिरा दिलेले असतात, मग निमूटपणे मुदतवाढ.

बी-1 ही टक्केवारी निविदा: अंदाजित रकमेपेक्षा किती टक्के कमी (‘बिलो’) किंवा जास्त, एवढेच कंत्राटदार भरतो. कुणी अठरा-वीस टक्के ‘बिलो’ भरले की समितीला केवढी बचत झाली असे वाटते. कंत्राटदार काही खुळा नसतो. अर्धवट नकाशे बघून कोणत्या बाबी वाढणार आणि कोणत्या मुळातच सुटल्या आहेत, हे त्याला विद्यापीठाच्या आधी कळते. सुटलेली बाब दरसूचीत नसली की तिचा दर बाजारातल्या कोटेशनवरून दर पृथक्करण करून, म्हणजे साहित्य-मजुरीचा हिशेब मांडून, ठरतो, आणि ती कोटेशने कोण आणून देतो हे सांगायला नको. प्रयोगशाळांच्या इमारतीत अशा बाबींना तोटा नाही: विषारी वाफा ओढून घेणारे फ्यूम हूड, गच्चीपर्यंत जाणारे त्याचे डक्ट, आम्ल सोसणारे ड्रेन पाइप, बाहेरच्या गॅस बँकेपासून टेबलापर्यंतच्या नळ्या.

सेवांचे नकाशे नसण्याचा फटका तर स्लॅब पडल्यावरच दिसतो. स्थापत्य, विद्युत, वातानुकूलन, लिफ्ट आणि फर्निचर यांच्या निविदा वेगवेगळ्या, तीन-चार महिन्यांच्या अंतराने. डक्ट वर न्यायला शाफ्ट (उभी पोकळी) ठेवलेला नसतो, नळ्यांसाठी बीममध्ये स्लीव्ह (आरपार नळकांडे) टाकलेली नसते. मग कोअर कटिंग, म्हणजे तयार काँक्रीटला यंत्राने भोके, आणि नव्या प्लास्टरला झिऱ्या (खाचा). मधेच कुलगुरू बदलतात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गांचे ग्रंथालय होते. वर्गासाठी धरायचा भार चौरस मीटरला 3 किलोन्यूटन; पुस्तकांच्या मांडण्यांसाठी 2.2 मीटर उंचीपर्यंतच 6, उंची वाढली की आणखी. एव्हाना स्लॅब ओतून झालेला असतो. ट्रान्सफॉर्मरची जागा तर हटकून विसरली जाते! त्यामुळे रंगरंगोटी पूर्ण झालेली इमारत महावितरणच्या जोडणीसाठी थांबते. लिफ्टचा परवाना आणि अग्निशमनचा अंतिम दाखला त्यापुढे, आणि भोगवटा प्रमाणपत्र सगळ्यात शेवटी. ते हाती नसताना वर्ग भरवण्याची सवय विद्यापीठांना लागली आहे, याबद्दल वेगळे पत्र लिहावे लागेल.

वास्तुविशारदाची फी झालेल्या खर्चाच्या टक्क्यांत देण्याची प्रथाही बंद व्हावी. खर्च वाढला की फी वाढत असेल, तर बाबी नेमक्या मोजण्याची घाई कोण करील? फी तांत्रिक मान्यतेच्या रकमेवर गोठवावी आणि तिचा मोठा हिस्सा भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर द्यावा.

पाच बोअर आणि आरसीसी संकल्पनाची त्रयस्थ तपासणी यांचा खर्च इमारतीच्या रकमेपुढे किरकोळ असतो. वेळ मात्र लागतो, आणि मार्च अखेरीला तोच नसतो. म्हणून वित्त व लेखा समितीने इमारतीची तरतूद दोन वर्षांत विभागावी: पहिल्या वर्षी फक्त माती परीक्षण, सर्व नकाशे, विभागप्रमुखाच्या सहीने गोठवलेली खोल्यांची व उपकरणांची यादी आणि सविस्तर अंदाजपत्रक; बांधकामाचा पैसा दुसऱ्या वर्षी. त्या सहीनंतर बदल हवा असेल तर त्याची किंमत काढून व्यवस्थापन परिषदेपुढे लेखी मांडावी.

आणि प्रत्येक रनिंग बिलाबरोबर विद्यापीठाने संकेतस्थळावर एक तक्ता टाकावा: बाब, निविदेतील परिमाण, आजवर मोजलेले परिमाण, फरक आणि फरकाचे कारण. मोजमाप पुस्तकात हे आकडे असतातच, नव्याने काही गोळा करावे लागत नाही. अधिसभा सदस्यांना सध्या यासाठी माहिती अधिकारात अर्ज करावा लागतो, आणि उत्तर येईपर्यंत अंतिम बिल निघून गेलेले असते.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे