भाजीचा हिशेब ताटापाशी मांडावा

संपादक महोदय,

सकस, नैसर्गिक अन्न खावे आणि पालेभाज्या भरपूर खाव्यात, हा सल्ला वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतून वर्षानुवर्षे छापून येतो आणि तो योग्यच आहे. परंतु ठरावीक मिळकतीत घर चालवणाऱ्या कुटुंबाने तो पाळायचा कसा, याबद्दल त्यात फारसे काही नसते. उलट सल्ल्याबरोबर ज्या महागड्या बिया, पावडरी आणि दूरदेशीची फळे सुचवलेली असतात, त्यांच्यामुळे सकस आहार हा ऐपतदारांचाच, असा समज पक्का होतो. चार माणसांच्या घरातली भाजी आणि किराणा मी अनेक वर्षे पाहते आहे. त्या अनुभवाच्या आणि थोड्याफार वाचनाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

सकस अन्न महाग पडते ही तक्रार खोटी नाही, हे आधी मान्य करायला हवे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २० प्रौढांवर केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येकाला दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे घरच्यासारखे साधे अन्न दिले गेले, आणि हवे तेवढे खाण्याची मुभा ठेवली गेली. अतिप्रक्रियायुक्त अन्नावर असताना तीच माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचे वजनही वाढले. मात्र तेवढ्याच कॅलरींसाठी साध्या जेवणाच्या साहित्याला सुमारे ४० टक्के जास्त खर्च आला, हेही त्याच अभ्यासात नोंदवलेले आहे. अतिप्रक्रियायुक्त अन्न जास्त खाल्ले जाते म्हणजे ते जास्त विकतही घ्यावे लागते, त्यामुळे हा फरक थोडा भरून निघतो, पण पुसला जात नाही.

मात्र कॅलरी हे पालेभाजीचे माप नव्हे. १०० ग्रॅम कच्च्या पालकात जेमतेम २३ कॅलरी असतात आणि नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. तेव्हा पोट भरण्याच्या मापाने पाहिले तर जगातली कोणतीही पालेभाजी महागच ठरेल. पोट भरण्याचे काम धान्यांनी, डाळींनी आणि कडधान्यांनी करायचे असते. ती त्या मानाने स्वस्त असतात, कोरडी ठेवली तर महिनोन्‌महिने टिकतात आणि डाळी-कडधान्यांत वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक प्रथिने असतात. पालेभाजी घ्यायची ती जीवनसत्त्वांसाठी, खनिजांसाठी आणि तंतूंसाठी. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात असे सांगते आणि त्यात बटाटे, रताळी धरत नाही. हा आकडा घरातल्या माणसांनी गुणून पाहिला की छातीत धस्स होते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच विकत घेतलेल्या भाजीतली प्रत्यक्ष ताटात किती पोहोचते, हा प्रश्न मला भावापेक्षाही मोठा वाटू लागला.

एकदा मी महिनाभर आमच्या घरातून टाकून दिल्या जाणाऱ्या अन्नाची वही ठेवली. फार काही निघणार नाही, या खात्रीनेच ती सुरू केली होती. महिनाअखेरीस वाचून पाहिले, तर सर्वांत जास्त नोंदी पालेभाजीच्या होत्या: पिवळी पडलेली अर्धी जुडी, पिशवीतच काळी, चिकट झालेली पाने, निवडायला वेळ झाला नाही म्हणून सडलेली भाजी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले. तो आकडा वाचताना मला माझी वहीच डोळ्यांसमोर दिसत होती.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. जुडी आणली की त्याच दिवशी दोरा सोडून मुळे कापायची, खराब पाने काढायची आणि बाकीची भाजी न धुता कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून थंड जागी ठेवायची. ओली पाने लवकर कुजतात. धुवायची ती शिजवण्याच्या वेळी, मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन. पाने पाण्यात खालीवर हलवायची, माती तळाशी बसू द्यायची आणि मग पाणी ओतून न टाकता पानेच हाताने वर उचलून घ्यायची, नाहीतर खाली बसलेली सगळी माती पुन्हा पानांवर येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीन वेळा हेच करायचे.

या कामाला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाचा, हे आपल्या आहारविषयक लिखाणात कधीच येत नाही. भाजी निवडणे, धुणे, चिरणे हे बहुतेक घरांत एकाच बाईवर येते. दिवसभर राबून आल्यावर तिने पाकीट फोडून पाण्यात उकळण्याचा सोपा मार्ग धरला, तर तिला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. आमच्या घरी आता सगळे एकत्र बसून भाजी निवडतात. एकदा धाकट्या मुलीने भरलेल्या पातेल्यावर झाकण ठेवले आणि पाच मिनिटांनी उघडून पाहिले, तर पाने बसून मूठभर झालेली. ‘एवढीच?’ म्हणून तिने जो चेहरा केला, तो मला अजून आठवतो. स्वतः निवडलेली भाजी तिने त्या दिवशी ताटात उरू दिली नाही.

टाकाऊ समजून फेकली जाणारी पानेही वापरता येतात. मुळ्याचा आणि बिटाचा पाला, फ्लॉवरची कोवळी पाने, कोबीची बाहेरची हिरवी पाने हे सगळे खाण्याजोगे असते. त्याचे पैसे आपण मोजलेलेच असतात. हिरव्या पाल्यातले ‘क’ जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात विरघळते, म्हणून थोड्या पाण्यात थोडा वेळ शिजवावे आणि ते पाणी डाळीत किंवा सूपमध्ये वापरावे. (फोलेट हे ‘ब’ गटातले एक जीवनसत्त्व. हा शब्द पानाच्या लॅटिन नावावरून आला, १९४१ मध्ये ते पालकातूनच वेगळे काढले गेले.) थोडे तेल घातले की ‘अ’ जीवनसत्त्वाचे पूर्वघटक नीट शोषले जातात, लिंबू पिळले की लोह अधिक लागू पडते आणि जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली की कमी. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी आणि रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी मात्र पालेभाजीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दलही एक सांगावेसे वाटते. पाकिटाच्या दर्शनी बाजूला तो ठळक छापलेला असला, तरी मागची घटकांची यादी वाचावी. ती साधारणपणे वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तिनांत साखर असेल, तर दर्शनी बाजूच्या हिरव्या पानाच्या चित्राला काही अर्थ उरत नाही.

हे सारे ज्यांच्याकडे भाजीपुरते पैसे आहेत त्यांच्यासाठी आहे, याची मला जाणीव आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २८० कोटी लोकांना सकस आहार परवडत नव्हता. त्यांना काटकसर शिकवणे हा अपमान होईल. त्यांचा प्रश्न मजुरीचा आणि बाजारभावाचा आहे, आणि तो शासनासमोरच मांडला पाहिजे.

आपल्या वृत्तपत्राला माझी एकच विनंती आहे. आरोग्य पुरवणीत महागड्या बियांसाठी जेवढी जागा दिली जाते, त्यातली थोडी दर आठवड्याला एकाच साध्या भाजीला द्यावी: ती ताजी कशी ओळखावी, किती दिवस आणि कशी टिकते, तिचा कोणता भाग उगाच फेकला जातो आणि अर्ध्या तासात तिचे काय करता येते. सुरुवात मुळ्याच्या पाल्यापासून केली तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक