माउंट होपला जाणारी बस या वर्षी तरी भरू दे

सप्रेम नमस्कार.

गणपती उरकले, हिशेब उरकायचे आहेत आणि कोजागरी तोंडावर आली आहे. त्यामुळे घाईत लिहितोय, चुकभूल द्यावी घ्यावी.

इथे कॅनडातल्या किचनरमध्ये, माउंट होपच्या दफनभूमीत, पहिल्या महायुद्धात लढलेल्या बुकम सिंग या शीख कॅनडियन सैनिकाला मानवंदना द्यायला जाण्याचा आपल्या मराठी मंडळींचा हा पाचवा नोव्हेंबर. पहिल्या वर्षी आपण सहा जण होतो. पुष्पचक्र कुठून आणतात हेही ठाऊक नव्हतं. आपल्या काकूंनी घरच्या शेवंतीचा हार आणला होता, तोही आदल्या रात्री संधिवाताच्या बोटांनी ओवलेला. दुसऱ्या वर्षापासून पुष्पचक्राचा खर्च ज्यांनी उचलला, त्यांनी ‘नाव छापलंस तर पुढच्या वर्षी छदाम देणार नाही’ असा दम भरलाय. म्हणून नाव लिहीत नाही. ढोलपथकाचे पहिले चार ढोल त्यांचेच, एवढ्यावरून ओळखा. आणि आमचे आधीचे कार्यवाह! गुरुद्वारात लंगरच्या पंगतीत बसून त्यांनी पंजाबी मंडळींशी ओळख काढली नसती, तर ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचलीच नसती. आता ते पुण्यात असतात, पण फोन करून ‘बस ठरली का?’ विचारायचं सोडत नाहीत.

बस ठरते हो, भरत नाही. गेल्या वर्षी 48 आसनांच्या बसमध्ये 11 जण होते, त्यातले तिघे माझ्याच घरचे. वर ग्रुपवर ‘कार्यक्रम शिखांचा, आपला काय संबंध?’ असा मेसेज, आणि त्याला चौदा अंगठे. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देतो.

पंजाबातल्या माहिलपूरचा हा मुलगा 1893 चा. लहानपणीच लग्न झालेलं, बायको प्रीतम कौर. 1907 साली, जेमतेम 13-14 वर्षांचा असताना, तो एकटा ब्रिटिश कोलंबियात उतरला. त्याच साली तिथे हिंदुस्थानी लोकांचा मताधिकार काढून घेतला गेला. पुढच्या वर्षी नियम आला: मायदेशातून थेट, वाटेत कुठेही न थांबता येणाऱ्यालाच प्रवेश. आणि भारतातून थेट येणारं जहाजच नव्हतं! म्हणजे मनाई न म्हणता केलेली मनाई. प्रीतम कौर इथे कधीच येऊ शकली नाही. नियमात शीख-मराठी असा भेद नव्हता. इथे सगळेच ‘हिंदू’ म्हणवले जायचे, पगडीवालेसुद्धा. 1914 मध्ये ‘कोमागाता मारू’ या जहाजावरचे 376 हिंदुस्थानी प्रवासी व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकले आणि मोजके सोडून सगळे परत पाठवले गेले. आपण आलो ते 1967 नंतर, गुणांवर प्रवेश मिळू लागल्यावर.

कोमागाता मारू परत गेल्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा, 1915 च्या वसंतात, ओंटारियोत शेतमजुरी करणारा बुकम सिंग कॅनडाच्या पायदळात भरती झाला. पुढे 20व्या बटालियनमधून बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या खंदकांत. 1916 च्या उन्हाळ्यात तो दोनदा जखमी झाला. त्यातल्या एका वेळी तो ज्या इस्पितळात होता, तिथे आपल्या शेजारच्या गेल्फ गावचे डॉक्टर जॉन मॅक्रे, ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ ही युद्धकविता लिहिणारे, काम करत होते. जखमा भरल्या, पण इंग्लंडमध्ये क्षयानं गाठलं. शेवटी इथे, ग्रँड नदीकाठच्या फ्रीपोर्टच्या रुग्णालयात, 27 ऑगस्ट 1919 ला गेला. वय 25. घरचं कुणीही जवळ नाही.

पुढे जवळजवळ नव्वद वर्षं कुणाला पत्ता नव्हता. मग संदीप सिंग ब्रार या इतिहाससंशोधकांना इंग्लंडमध्ये विक्रीला आलेलं एक विजयपदक मिळालं, कडेवर नाव कोरलेलं. त्या नावाचा माग काढत ते माउंट होपमधल्या या कबरीच्या दगडापर्यंत आले. पहिल्या महायुद्धातल्या शीख कॅनडियन सैनिकाची या देशात माहीत असलेली एवढी एकच कबर, आणि ती आपल्या गावात. आपण गणपतीची मिरवणूक काढतो तिथून गाडीनं दहा मिनिटांवर.

आता पैशांचं. बस 650, पुष्पचक्र 120, आणि आपल्या मराठी शाळेच्या मुलांसाठी मराठी पुस्तिका, 100 प्रती, 430. एकूण 1,200 डॉलर. जमले 385. ई-ट्रान्सफर नेहमीच्या ईमेलवर, संदेशात ‘माउंट होप’ लिहा (नुसतं ‘देणगी’ लिहिलं की ते गणपतीत जमा होतं, मग कोषाध्यक्ष मला ओरडतात). रोख किंवा चेक कोजागरीला. बस 11 नोव्हेंबरच्या, म्हणजे इथल्या युद्धस्मृतिदिनाच्या, आसपासच्या रविवारी, नक्की तारीख-वेळ ग्रुपवर. नावं आठवडाभर आधी द्या, आयत्या वेळी नकोत. पैसे जमत नसतील तर नुसते या. पुस्तिकेचं मुद्रितशोधन करणारं कुणी हवंय, माझं ऱ्हस्व-दीर्घ तुम्हाला ठाऊक आहेच.

कळावे,
कार्यवाह

ता. क. दफनभूमी उघड्यावर आहे, वारा बोचतो. टोपी-हातमोजे आणा. काकू या वर्षीही हार ओवणार म्हणतात, त्यांना शेवंती हवी आहे. ज्यांच्या अंगणात असेल त्यांनी थंडी पडण्याआधी कळवा.