मनूस, मिठाच्या भांडणाबद्दल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की भाजीतल्या मिठावरून तुमचं वाजलं आणि आता तू तुझं करून खातेस, जावईबापू त्यांचं. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते हसू टिकलं नाही. भांडणाचं काही नाही गं, ते होणारच. पण एका ओट्यावर दोन पातेली आणि जेवायच्या दोन वेळा, हे मला काही रुचलं नाही. असो. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. बाबाही म्हणाले, त्यांचं ते बघतील, तू मध्ये पडू नकोस. म्हणून फक्त मिठाबद्दल लिहिते.

तू म्हणतेस "मी एकच चमचा घातला", ते म्हणतात "मीही एकच घालतो". पण चमचा कुठला, आणि भरलेला कसा? 5 मिलिलिटरचा चमचा बारीक मिठाने सपाट भरला तर साधारण 6 ग्रॅम बसतं. जाड मिठाच्या खड्यांमध्ये हवा राहते, म्हणून त्याच चमच्यात ते कमी मावतं. शिगोशीग भरलेला चमचा असेल तर तो सपाट चमच्याच्या दीडपट सहज होतो. तू लहानपणापासून सगळं शिगोशीग भरणारी, साखरेच्या डब्याची आठवण काढत नाही आता. ते सपाट भरत असतील तर दोघंही एकेका चमच्याची शपथ घ्याल आणि दोघंही खरंच बोलत असाल.

बहुतेकांच्या जिभेला शिजून तयार झालेल्या पदार्थाच्या वजनाच्या 1 टक्क्याच्या आसपास मीठ "बरोबर" लागतं, म्हणजे किलोला 10 ग्रॅम. पण जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि त्यात बाहेरच्या पाकिटातलंही आलं. म्हणून किलोला 6-7 ग्रॅमवर थांबा. ज्याला कमी वाटेल त्याने ताटात वरून चिमूटभर घ्यावं. वरून घेतलेलं मीठ जिभेला आधी लागतं, त्यामुळे ते थोडं पुरतं. हळूहळू कमी करत गेलात तर काही आठवड्यांत जीभ नव्या चवीला सरावते. एकदम निम्मं केलंत तर मात्र दुसऱ्याच दिवशी घरात ठिणगी.

आता खारट होतं ते का होतं? रस्सा आटायच्या आधी तू चव जुळवतेस म्हणून. 1 लिटर रश्शात 8 ग्रॅम मीठ चाखून अगदी ठीक वाटतं. तोच रस्सा आटून 600 मिलिलिटर उरला की पाणी गेलेलं असतं, मीठ कुठेच जात नाही. मग 0.8 टक्क्याचं 1.3 टक्के झालं आणि खाणाऱ्याचं तोंड वाकडं. त्यापेक्षा निम्मं मीठ सुरुवातीला घाल, कारण बटाट्यासारख्या फोडींच्या आतपर्यंत ते शिजतानाच जातं. उरलेलं गॅस बंद केल्यावर, चाखून. खारट झालंच तर बटाटा टाकला की तो मीठ "ओढून घेतो" म्हणतात त्यावर विसंबू नकोस. बटाटा खारट पाणी पितो, त्यातलं मीठ वेगळं काढत नाही. उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. उपाय एकच, बिनमिठाचं काहीतरी वाढवायचं: पाणी, उकडलेल्या भाज्या, शिजवलेली डाळ. लिंबू पिळलं तर खारटपणा थोडा झाकला जातो, कमी होत नाही.

आणि उकळता घास चाखून निकाल देऊ नकोस. भाजलेल्या जिभेला नीट काही कळत नाही. चमचाभर बशीत काढ, फुंकर घाल, मग चाख. दुसरं असं, की तासभर वाफेपाशी उभं राहिलेल्याचं नाक त्याच वासाला सरावतं, आणि आपण जिला चव म्हणतो तिच्यात वासाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे करणाऱ्याला पदार्थ मिळमिळीत वाटतो आणि तो आणखी घालत सुटतो. चव बघायला म्हणूनच दुसरं माणूस लागतं, आणि ते त्या वेळी घरात, ओट्यापाशी असावं लागतं. त्याने पुढच्या वेळेला येऊन स्वतःचं पातेलं चढवून काय उपयोग? बघ, विषय काढणार नव्हते.

भाताचं सांगते. त्यांचा भात फडफडीत, तुझा आसट, आणि दोघंही म्हणता "एकास दोन". पण भात शिजवायच्या विजेच्या कुकरबरोबर जे माप येतं ते बहुतेक वेळा 180 मिलिलिटरचं असतं, आणि मापाच्या संचातला कप 240 चा. तांदूळ एकाने आणि पाणी दुसऱ्याने मोजलंत की झालाच गिचका. शिवाय "एकास दोन" हा नियमच मुळात लंगडा आहे. तांदूळ स्वतः जेमतेम स्वतःएवढंच पाणी पितो. बाकीचं वाफेने उडून जातं. किती उडेल ते पातेल्याच्या तोंडावर, झाकणावर आणि आचेवर ठरतं, तांदळाच्या मापावर फारसं नाही. म्हणून दोघांच्या एका कपाला दोन कप पाणी बरोबर बसलं, तरी पाहुणे आल्यावर चार कपांना आठ घातले की लापशी होते. एका कपाला एक आणि वर उडण्यासाठी एक, असं धरलं तर चार कपांना चार आणि वर एक-सव्वा, म्हणजे पाचेक पुरतात. घट्ट झाकणात आणखी कमी. नवा तांदूळ कमी पाणी मागतो, जुना जास्त. पोतं बदललं की पहिल्या दिवशी थोडं कमीच घालून बघ. गॅस बंद केल्यावर 10 मिनिटं झाकण उघडू नकोस. तळचा आणि वरचा ओलावा तेवढ्यात सारखा होतो. तुझ्यात तेवढा धीर नाही, मला माहीत आहे.

कांद्यावरून काय झालं ते तू अर्धवटच सांगितलंस, पण "पाच मिनिटांत होतो" हे ज्याने कुणी म्हटलं तो हरला. कांद्यात पाणीच पाणी. ते असेपर्यंत कढईतलं तापमान 100 अंशांच्या वर फारसं जात नाही, आणि लालसर रंग व खरपूस वास यायला साधारण 140 अंश लागतात. मध्यम आचेवर सोनेरी व्हायला 20-25 मिनिटं धर, गडद तपकिरी व्हायला त्याच्या दुप्पट. मोठ्या आचेवर कडा जळतात आणि मधला भाग कच्चा राहतो, तोच कडवटपणा मग भाजीभर पसरतो. छोट्या कढईत कांद्याचा ढीग घातला की तो परतला जात नाही, स्वतःच्या वाफेत शिजतो.

तिखटाचं भांडण सोडवायला सगळ्यांत सोपं, त्यासाठी दोन स्वयंपाक करायची काही गरज नाही. मिरचीतलं तिखट ही चवच नव्हे. उष्णता आणि दाह ओळखणाऱ्या चेतातंतूंना ते चेतवतं. त्या तंतूंवरचा तिखट ओळखणारा रेणू, म्हणजे ग्राहक, शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. गरम पदार्थही त्याच ग्राहकाला चेतवतो, म्हणून कढत असताना जे जळजळीत लागतं ते कोमट झाल्यावर सोसतं. जावईबापूंना सांग, दोन मिनिटं थांबून खा. हे तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणूनच वर ढसाढसा पाणी पिऊन काही होत नाही, दूध किंवा दही उपयोगी पडतं. भाजी कमी तिखटाची कर, आणि छोट्या कढल्यात दोन चमचे तेल तापवून, गॅस बंद करून, अर्ध्या मिनिटाने त्यात अर्धा चमचा लाल तिखट घाल. तेल धुरावलेलं असेल तर तिखट काळं पडून कडू होतं. ती वाटी तुझ्या बाजूला ठेव. हिरवी मिरची असेल तर बी झटकून भागत नाही, आतला पांढरा गाभा सुरीने काढायला हवा. खरं तिखट त्यात असतं. पातेलं एक, वाटी तुझी वेगळी. जेवायची वेळ मात्र एक.

परत तेच लिहिलं. खोडत नाही, पेनने लिहितेय.

कोबीबद्दल मात्र मी तुझ्या बाजूची आहे. तू कोबीचा घास गालात धरून बसायचीस आणि बाबा तुला हट्टी म्हणायचे. तासतासभर बसायचीस, पंखा बंद होईपर्यंत. हिरवा फ्रॉक, त्याच्या खिशात नंतर सापडायचे ते घास. तो हट्टच होता असं नाही. 1931 मध्ये ड्युपाँट कंपनीत आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ एक पूड हाताळत होते, ती हवेत उडाली. शेजारचा सहकारी कडू कडू म्हणून ओरडला आणि फॉक्स यांना काहीच लागलं नाही. दोघांचा वाद झाला, दोघांनीही ती चाखून बघितली, आणि दोघंही खरं बोलत होते! पुढे 2003 मध्ये या फरकामागचं मुख्य जनुकही सापडलं. कोबी, ब्रोकोली, मोहरीचा पाला यांत त्या पुडीसारखेच पदार्थ असतात. काहींना ते स्पष्ट कडू लागतात, काहींना जाणवतसुद्धा नाहीत. आता गंमत बघ. मीठ कडूपणा दाबतं. कडू जास्त लागणारी तू मीठ जास्त मागतेस, आणि त्यांना कडू लागतच नसेल तर त्यांना नुसतं खारट लागणार. तुमच्या अर्ध्या भांडणाचं मूळ कदाचित इथेच असेल. तेव्हा कोबी बारीक चिरून मोठ्या आचेवर चारपाच मिनिटं परतायचा, जास्त नाही. जितका शिजवाल तितका तो गंधकाचा वास वाढतो.

उरलेल्या भाताच्या बाबतीत मात्र मी सरळ जावईबापूंच्या बाजूला. रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात सकाळी खायचा नाही. यात आवडनिवड नाही. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते परत गरम केल्याने जात नाही. जेवण झालं की तासाभरात भात पसरट ताटात पसरून निववायचा, डब्यात भरून 5 अंशांखाली फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा, तोही वाफा येईपर्यंत गरम करून, एकदाच. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये कोंबू नकोस, मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. आणि तू एकटीसाठी करतेस तेव्हा उरतंच ना? दोन माणसं दोनदा शिजवणार, दोनदा उरणार, मग कुणाचं शिळं कुणी खायचं यावरून पुन्हा...

खूप झालं, मला कळतंय. तू मोठ्या हुद्द्यावर आहेस, दहाजण तुझं ऐकतात, आणि मी तुला भात निववायला शिकवतेय. बाबा शेजारी सगळ्यांना सांगत सुटतात ते वेगळंच. रागावू नकोस.

एवढं मात्र ऐक: "बरंय" म्हणून गप्प बसू नका, दोघंही. "बरंय" ऐकून करणाऱ्याला काहीच दुरुस्त करता येत नाही. आंबट कमी, पाणी जास्त, मिरची जळली, असं नेमकं सांगावं, आणि ते चारपाच घास झाल्यावर. पहिल्या घासाला भूक बोलते. ज्याने केलं त्याने भांडी घासायची नाहीत, हे तर लेखीच ठरवा. आणि निकाल देणारा ताटासमोर बसलेला हवा, ऑफिसात डबा उघडून मेसेज पाठवणारा नको. तुझी ती सवय मोठ्या आत्यासारखी.

जावईबापूंना आशीर्वाद. त्यांची ती वाटाण्याची कृती बाबांना पाहिजे आहे.

तुझी,
आई

ता. क. तराजू घेणार आहात असं जावईबापू म्हणाले. 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा मिठाला पुरत नाही, 3 ग्रॅमला तो 2 किंवा 4 ही सांगेल. 0.1 ग्रॅम दाखवणारा घ्या. आणि त्यावर चिमटी चिमटी टाकत बसू नका, इतका बारीक फरक पुष्कळदा तराजूला कळतच नाही आणि आकडा हलत नाही. वाटी ठेवून शून्य करायचं, ती उचलून तिच्यात मीठ घालायचं आणि परत ठेवायची.