कडेवरचं माणूसही मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तिकिटाच्या खिडकीतल्या मुलानं आमच्यावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, "सहा." आम्ही सात होतो. मी, आमचे हे, मुलगा, सून, व्याही, विहीणबाई आणि सुनेच्या कडेवर सात महिन्यांची नात. "बाळाला तिकीट नसतं, आजी," त्यानं समजावलं. पुढे काठावर लाइफ जॅकेटं मिळाली तीही सहाच, आणि सगळी एकाच मापाची. त्यातलं एक मलाच ढगळ होत होतं. बाळाचं काय, असं विचारलं तर नाववाला हसला. "मांडीवर घ्या की. रोज लेकरं येत्यात, काय न्हाई होत."

पुण्यापासून दोनेक तासांवरच्या एका धरणाच्या पाण्यावर गेल्या हिवाळ्यात घडलेली ही गोष्ट. ठिकाणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या पोरांना बोल लावून माझं समाधान होणार नाही, आणि खरं सांगायचं तर हट्ट आमच्याच लोकांचा होता.

मी बाळाला घेऊन काठावर बसले. त्यावरून जे झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. व्याह्यांच्या मते मी भित्री, आणि माझ्यामुळे सगळ्यांच्या सहलीचा विरस झाला. विहीणबाई मात्र काही न बोलता जॅकेट काढून माझ्या शेजारी येऊन बसल्या. लग्नाच्या याद्या करताना झालेलं सगळं मी त्या क्षणी माफ करून टाकलं.

घरी आल्यावर वाद मिटेना म्हणून मुलानंच माहिती काढली. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा सल्ला स्पष्ट आहे: बाळाच्या अंगाला लाइफ जॅकेट नीट बसेल एवढं वजन होईपर्यंत त्याला नावेत नेऊच नये, मग ती वल्ह्याची असो की इंजिनाची. हे वजन साधारण १८ पौंड, म्हणजे ८ किलोच्या वर धरतात. आमच्या लसीकरणाच्या कार्डावर तेव्हाचा आकडा होता ६ किलो ९०० ग्रॅम. मुली साधारण आठव्या महिन्याच्या पुढेमागे आठ किलोपाशी पोचतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी बाळांचा पहिला वाढदिवस आठ किलोच्या आतच होतो. तेव्हा उष्टावण झालं, मान धरली, बसायला लागलं, एवढ्यावर बाळ नावेत बसण्याजोगं झालं असं समजू नये.

तान्ह्याचं जॅकेट हे मोठ्यांचं जॅकेट लहान करून शिवलेलं नसतं. बाळाच्या अंगाच्या मानानं डोकं जड असतं. पाण्यात पडलं की तोंड खाली जातं आणि ते आपलं आपल्याला फिरवता येत नाही. म्हणून त्या जॅकेटला मानेमागे उशीसारखी जाड कॉलर असते, जॅकेट डोक्यावरून निसटू नये म्हणून दोन पायांमधून पट्टा असतो आणि पाठीशी एक कडी असते, तिला धरून वर ओढायला. माप बघण्याची रीत सोपी आहे. बाळाला जॅकेट घालून ते खांद्यांपाशी धरून वर उचलायचं. हनुवटी आणि कान आत बुडाले तर ते माप त्याचं नाही. आता मला सांगा, आपल्या धरणांवरच्या त्या नारिंगी ढिगात अशी कडी आणि पायातला पट्टा असलेलं जॅकेट आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? मी तरी नाही.

आमच्या सुनेचा प्रश्न होता, "आई, मी तिला छातीशी बांधलं आणि वरून माझं जॅकेट घातलं तर?" मलाही आधी हेच सुचलं होतं. पण आई पाण्यात पडली की तिचं जॅकेट तिला तरंगवतं, आणि छातीशी बांधलेल्या बाळाचं तोंड नेमकं पाण्याखाली राहू शकतं. गाडीतली बाळाची खुर्ची उचलून नावेत ठेवणारेही असतात. ती तर बाळासकट बुडते. नुसतं घट्ट धरीन म्हणावं, तर नाव उलटल्यावर स्वतःला सावरायला दोन्ही हात लागतात.

हे सगळं तुम्हाला अमेरिकेचं कौतुक वाटेल, म्हणून आपल्या जिल्ह्यातलं सांगते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात, इंदापूर तालुक्यातल्या कळाशी आणि करमाळ्यातल्या कुगावच्या मध्ये, वादळी वाऱ्यात नाव उलटली. सात जणांपैकी एकजण पोहत काठाला लागला. सहा गेले. त्यांत दोन लहानगी होती, धाकटं तर दीड वर्षांचं. ती माणसं हौसेनं फिरायला आलेली नव्हती. उजनीच्या काठच्या गावांना नाव म्हणजे आपली पुण्यातली पीएमपीची बस. पाणी ओलांडलं की झालं, नाहीतर रस्त्यानं केवढा तरी वळसा. कोयनेच्या शिवसागराकाठच्या गावांचंही तेच. तिथल्या बाईला मी काय तोंडानं सांगू की बाळाला नावेत घालू नको? त्या लाँचींवर छोट्या मापाची जॅकेटं आधी पोचायला हवीत, आणि ती सरकारनं द्यायला हवीत. आम्हा सहलीवाल्यांचं अडत नाही, आमचा नंबर मागाहून लावा.

मोठ्या रो-रो फेरीत, बंद केबिनमध्ये बसून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणं आणि फूटभर काठ पाण्याबाहेर असलेल्या होडीत बसणं यांत फरक आहे, हे मलाही कळतं. पण आम्ही जंजिऱ्याला गेलो होतो तेव्हा किल्ल्याच्या दरवाजाशी शिडाची होडी वरखाली होत होती आणि नाववाले हाताला धरून एकेकाला पायरीवर ओढून घेत होते. माझ्या पुढच्या बाईनं आधी बाळ पुढे दिलं, मग स्वतः उडी मारली. मध्ये क्षणभर ते बाळ ना होडीत ना किल्ल्यात, एका अनोळखी माणसाच्या एका हातात होतं.

माझी मागणी मोठी नाही. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट पडत नाही, रेल्वेतही नाही, आणि ती सवलत योग्यच आहे. पण जमिनीवरची ही सवय आपण पाण्यावर नेली. जे तिकिटात नाही ते जॅकेटातही नाही, आणि नावेत माणसं किती या हिशेबातही नाही. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव बुडून १२ शाळकरी मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, तेव्हाही बातम्यांत हेच होतं: नावेत जास्त माणसं आणि अनेकांच्या अंगावर जॅकेटच नाही. विमानात मांडीवरच्या बाळाचीही प्रवासी म्हणून नोंद होते, त्याला वेगळा छोटा पट्टा मिळतो. नावेत पैसे घेऊ नका, पण शून्य रुपयांचं तिकीट तरी फाडा. त्यावर 'बाळ १' लिहा, त्या मापाचं जॅकेट द्या, आणि नसेल तर "ताई, बाळाला नेता येणार नाही," असं सरळ सांगा. हे सांगायचं बळ नाववाल्याला फलकानं येतं. काठावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असलं, तर तो आमच्या व्याह्यांसारख्यांशी हुज्जत घालत बसणार नाही, नुसतं बोट दाखवील.

येत्या हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी बघायला जायचा बेत पुन्हा शिजतोय. तोवर नात दीड वर्षांची होईल, आठ किलोही ओलांडेल बहुतेक. मुलाला सांगून ठेवलंय, नाववाल्याला आधी फोन कर आणि तिच्या मापाचं जॅकेट आहे का विचार. नसेल, तर आम्ही दोघी काठावरून दुर्बिणीतून बघू. विहीणबाई डबा घेऊन येणार आहेत.

आपली,
एक आजी, सहकारनगर, पुणे