पाकिटावरचा आकडा पुरेसा नाही

पारंपरिक कडधान्यांपासून प्रथिनयुक्त खाद्यपदार्थांचा उद्योग उभारण्याविषयीचा आपल्या दैनिकातील लेख वाचला. कल्पना स्वागतार्हच आहे, पण लेखाचा सगळा भर प्रथिनांच्या टक्केवारीवर होता. कोरड्या कडधान्यांत साधारण २० ते २५ टक्के प्रथिने असतात. मात्र त्यांतले ट्रिप्सिन-रोधक घटक, म्हणजे प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला रोखणारे घटक, पचनात अडथळा आणतात. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे आणि नीट शिजवणे यांमुळे हे घटक कमी होतात. वेळ वाचवण्यासाठी कारखान्यात नेमक्या याच पायऱ्या गाळल्या, तर परंपरेचे फक्त नाव उरेल. शिवाय प्रथिने ज्यांपासून बनतात त्या अमिनो आम्लांपैकी कडधान्यांत मेथिओनिन कमी आणि तृणधान्यांत लायसिन कमी, म्हणून दोन्हींचा मेळ हवा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१३ मध्येच प्रथिनांचा दर्जा मोजणारा, पचनक्षमतेवर आधारित गुणांक सुचवला आहे. नवउद्योजकांनी तो पाकिटावर ठळक छापावा.